जुन्या संगणकातील रॅम हरवते कोठे?

एकलहरे (जि. नाशिक) : रात्री नीट बंद केलेला संगणक सकाळी सुरू करावा, तर पडदा काळाच राहतो आणि पेटीतून लांबलचक बीप ऐकू येतात. कधी संगणक सुरू होतो, पण दोन जीबी रॅमच्या जागी एकच जीबी असल्याचे सांगतो. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या डेस्कटॉपबाबत ही तक्रार नित्याची आहे आणि 'रॅम गेली, नवी टाका' हा त्यावरचा सल्लाही तितकाच नित्याचा. मात्र रॅमची स्टिक निकामी होणे हे अनेक कारणांपैकी केवळ एक कारण आहे. ते गृहीत धरून नवी स्टिक आणली जाते, तीही दिसत नाही, मग मदरबोर्ड गेल्याचे निदान होते आणि अखेरीस धडधाकट संगणक भंगारात जातो. निम्म्याहून अधिक तपास घरच्या घरी, एका स्क्रू-ड्रायव्हरवर होऊ शकतो. अट एवढीच, की दोष कोठे शोधायचा हे आधी ठरले पाहिजे.

एकलहरेसारख्या ठिकाणी या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील नाशिक औष्णिक वीज केंद्र १९७० पासून कोळशावर चालते. पहिले दोन संच २०११ मध्ये बंद झाले; उरलेले २१० मेगावॉटचे तीन संच मिळून ६३० मेगावॉट क्षमता होते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. धुरातील बहुतांश राख विद्युत-स्थितिक यंत्रणेद्वारे अडवली जाते, तरी अतिसूक्ष्म कण आणि कोरड्या पडलेल्या राखेवरून वाऱ्याने उडणारी धूळ कोणत्याही औष्णिक केंद्राच्या परिसरात असतेच. संगणकाचा पंखा हवेसोबत धूळही आत ओढतो. जुन्या पेटीला बहुधा गाळणी नसते. अनेक वर्षे बंद असलेली पेटी उघडली, की पंख्याची पाती, प्रोसेसरवरील उष्णताशोषकाच्या फटी आणि रॅमचे रिकामे स्लॉट यांत राखाडी थर बसलेला दिसतो. ही सगळी वीज केंद्राचीच राख असते असे मात्र नव्हे. स्वयंपाकघरातील तेलकट वाफ, कपड्यांचे तंतू, उदबत्तीची काजळी हेही त्यात मिसळलेले असते आणि तेलामुळे तो थर अधिक चिवट होतो.

कोरडी राख विजेची वाहक नाही. तिचे कण प्रामुख्याने सिलिका व अॅल्युमिना यांचे, काचेसारखे असतात. त्यामुळे राखेने शॉर्टसर्किट होण्यापेक्षा संपर्क तुटण्याची शक्यता अधिक. स्टिकच्या कडेवरील सोनेरी पट्ट्या आणि स्लॉटमधील स्प्रिंगसारख्या पिना यांच्यामध्ये एक कण अडकला तरी एक संदेशवाहिनी तुटते, आणि शेकडो वाहिन्यांपैकी एक तुटली तरी सगळी स्टिक नाहीशी झाल्यासारखी वाटते. पावसाळ्यात हाच थर ओलावा धरतो. जुलै-ऑगस्टमध्ये 'अचानक' रॅम जाण्यामागे बरेचदा हेच असते.

तीन आकडे

तपासाला सुरुवात करताना तीन आकडे कागदावर लिहून घ्यावेत. पहिला स्टिकवरील लेबलचा : त्यावर ५१२ एमबी, १ जीबी, २ जीबी अशी क्षमता आणि पीसी-३२००, पीसी२-६४००, पीसी३-१०६०० अशी खूण असते. दुसरा आकडा बायोसचा. संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ हे बटण दाबत राहिल्यास बायोसचा निळा वा करडा पडदा उघडतो. तेथे एकूण मेमरी नोंदलेली असते. तिसरा आकडा विंडोज दाखवते तो, 'माय कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये दिसणारा.

लेबलपासून बायोसपर्यंत येताना आकडा घटला, तर दोष यंत्रात आहे : संपर्क, स्लॉट, स्टिकचा प्रकार किंवा मदरबोर्डची मर्यादा. बायोसमध्ये आकडा पूर्ण असून विंडोजमध्ये घटला, तर पेटी उघडण्याची गरजच नाही. ही एवढी गोष्ट आधी तपासली, तर अनेकांचे दुकानाचे हेलपाटे वाचतील.

संगणक सुरूच होत नसेल, तर दुसरा आकडा मिळणार नाही. अशा वेळी बीपकडे लक्ष द्यावे. अॅवॉर्ड बायोस असलेल्या मदरबोर्डवर पुन्हा पुन्हा वाजणारी लांब बीप मेमरीकडे बोट दाखवते. अमेरिकन मेगाट्रेंड्सच्या बायोसमध्ये एक, दोन किंवा तीन आखूड बीप मेमरीशी संबंधित असतात. मदरबोर्डनिहाय यात फरक पडतो, म्हणून पुस्तिका हाताशी असल्यास उत्तम. बीप ऐकू येत नाही याचा अर्थ मेमरी ठीक आहे असा घेऊ नये. पुष्कळ असेंबल्ड पेट्यांत छोटा स्पीकर जोडलेलाच नसतो. सर्व स्टिक काढून संगणक सुरू केला आणि स्पीकर असूनही एकही बीप आली नाही, तर मात्र संशयाची सुई रॅमवरून वीजपुरवठा, प्रोसेसर किंवा मदरबोर्ड यांच्याकडे वळवावी.

पेटी उघडल्यावर

संगणक बंद करून केबल भिंतीवरील सॉकेटमधून काढावी. केवळ बटण बंद करून भागत नाही. २००० नंतरच्या बहुतेक संगणकांत पेटी 'बंद' असतानाही मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते. केबल काढल्यावर सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेला भार निघून जातो. मग पेटीच्या रंग न लावलेल्या धातूला हात लावावा. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतील कोरड्या थंडीत स्वेटर काढताना जो चटका बसतो, तोच स्थितिक विद्युतभार मेमरीच्या चिपला मारक ठरू शकतो. लोकरीचे कपडे घालून, गालिच्यावर बसून हे काम करू नये.

स्लॉटच्या दोन्ही टोकांची कुलपे बाहेर ढकलली, की स्टिक वर येते. ती कडेने धरावी. सोनेरी पट्ट्यांना बोटे लावू नयेत. पट्ट्यांवर काळपट थर असल्यास पेन्सिलीचा मऊ पांढरा रबर हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवण्याची पद्धत दुरुस्ती करणाऱ्यांत रूढ आहे. ती उपयोगी आहे, पण वारंवार करण्यासारखी नाही. सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो आणि शाईचा खडबडीत रबर तो घासून काढतो. रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडणार नाही अशा अंतरावर हे काम करावे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारे कापड हा अधिक चांगला उपाय. हातांसाठीचे सॅनिटायझर वापरू नये. त्यातील ग्लिसरीनचा चिकट थर मागे राहतो.

स्लॉट साफ करताना तोंडाने फुंकर मारण्याचा मोह सर्वांनाच होतो. फुंकरीतून लाळेचे तुषार जातात आणि राखेचा कोरडा कण ओला होऊन तेथेच बसतो. हाताने दाबायचा रबरी ब्लोअर आणि कोरडा मऊ ब्रश पुरेसा आहे. घरातील व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड मदरबोर्डजवळ नेऊ नये. वेगाने वाहणाऱ्या धुळीमुळे प्लास्टिकच्या नळीवर स्थितिक भार जमतो.

स्टिक परत बसवताना तिची खाच आणि स्लॉटमधील उंचवटा जुळवावा व दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. दोन्ही कुलपे आपोआप आत वळून 'टक्' असा आवाज आला पाहिजे. एक बाजू बसली आणि दुसरी अर्धवट राहिली, ही चूक सर्वांत जास्त आढळते. तिरकी बसलेली स्टिक वरून पाहता सरळच भासते, म्हणून कुलपांकडे बाजूने पाहावे.

यानंतर एका वेळी एकच स्टिक लावून संगणक सुरू करावा. दोन स्टिक आणि दोन स्लॉट असतील, तर चार जोड्या होतात. चारही करून निकाल लिहून ठेवावेत. एकच स्टिक दोन्ही स्लॉटमध्ये दिसत नसेल, तर दोष स्टिकचा. दोन्ही स्टिक एकाच स्लॉटमध्ये दिसत नसतील, तर दोष स्लॉटचा किंवा त्यामागील जोडणीचा. काही मदरबोर्डना पहिला स्लॉट भरलेला लागतो, हे लक्षात ठेवावे. इंटेलच्या २००९ पासूनच्या अनेक आणि एएमडीच्या २००३ पासूनच्या अॅथलॉन-६४ घराण्यातील प्रोसेसरांत मेमरीचे नियंत्रण प्रोसेसरमध्येच असते. तेथे प्रोसेसरची किंवा त्याच्या सॉकेटची एखादी पिन वाकलेली असल्यास, अथवा पंखा वाकडा कसला असल्यास एका बाजूचे स्लॉट रिकामे दिसतात. पंखा बदलल्यानंतर रॅम अर्धी झाली असेल, तर हे कारण आधी तपासावे.

एक लक्षण विशेष सांभाळण्याजोगे आहे. सकाळी थंड असताना रॅम अर्धी दिसते आणि अर्ध्या तासाने संगणक पुन्हा सुरू केला की पूर्ण दिसते. उष्णतेने भाग किंचित प्रसरण पावतात व सुटलेला संपर्क जुळतो. 'चालतोय ना' म्हणून असा संगणक वापरत राहणे धोक्याचे आहे. हार्ड डिस्कवर लिहिली जाणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते. तेथे एक बिट बदलला तर ती फाइल बिघडलेल्या रूपातच साठवली जाते आणि संगणक त्याची कल्पनाही देत नाही. लग्नाची छायाचित्रे, प्रकल्प अहवाल किंवा सोसायटीचे हिशेब वाचवण्यासाठी घाईघाईने पेनड्राइव्हवर प्रती काढल्या जातात, त्या प्रतीच सदोष निघू शकतात. आधी संशयित स्टिक काढावी, उरलेल्या एका स्टिकवर संगणक चालवावा, मगच प्रती काढाव्यात. संगणक मंद चालेल, पण प्रती भरवशाच्या होतील.

स्टिक चांगली, तरी दिसत नाही

सेकंडहँड रॅम आणणाऱ्यांची खरी फसगत येथे होते, आणि विकणाराही अनेकदा अजाणच असतो. एसडीरॅमला १६८, डीडीआरला १८४, डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोहोंना २४०, तर डीडीआर-४ ला २८८ संपर्क असतात. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ यांची लांबी व संपर्कसंख्या सारखीच असली, तरी खाच वेगळ्या जागी आहे. एकीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५. खाच जुळत नसताना जोर लावणे म्हणजे स्लॉट कायमचा गमावणे. काही मदरबोर्डवर दोन्ही प्रकारांचे स्लॉट शेजारी शेजारी असतात. त्यांतील एका वेळी एकाच प्रकारचे वापरायचे असतात.

खाच जुळली म्हणजे काम झाले असेही नाही. प्रत्येक चिपसेटला किती मेमरी हाताळता येईल याची ठरलेली मर्यादा असते. इंटेल ८१५ ला ५१२ एमबी, ८४५ ला दोन जीबी, ८६५ आणि जी-३१ यांना चार जीबी, जी-४१ ला आठ जीबी. मर्यादेपलीकडची रॅम लावल्यास ती दिसत नाही, किंवा संगणक सुरूच होत नाही.

याहून फसवी मर्यादा चिपच्या घनतेची आहे. १९९८ मधील, एके काळी अत्यंत लोकप्रिय असलेल्या ४४०-बीएक्स चिपसेटवर २५६ एमबीची स्टिक लावली आणि ती १२८ एमबीच दिसली, असा अनुभव जुन्या तंत्रज्ञांच्या परिचयाचा आहे. स्टिक निर्दोष असते. तिच्यावर जास्त घनतेच्या आठच चिप असतात आणि चिपसेटला प्रत्येक चिपचा अर्धाच पत्ता काढता येतो. तीच २५६ एमबी कमी घनतेच्या सोळा चिपांत विभागलेली असेल, तर पूर्ण दिसते. हाच प्रकार एका दशकानंतर जी-४१ वर पुन्हा घडला : चार जीबीची डीडीआर-३ स्टिक आठ चिपांची असेल तर संगणक तिला ओळखत नाही, सोळा चिपांची असेल तर ओळखतो. म्हणून अशा मदरबोर्डसाठी रॅम घेताना दुकानात स्टिक उलटसुलट करून दोन्ही बाजूंच्या काळ्या चिप मोजाव्यात. दुकानदार हसला तरी हरकत नाही.

स्वस्तात मिळणाऱ्या चार जीबीच्या काही डीडीआर-२ स्टिकवर 'फक्त एएमडीसाठी' असे लिहिलेले असते. त्यांवरील चिपांची रचना इंटेलच्या चिपसेटला कळत नाही. ही सूचना जाहिरातीत बारीक अक्षरांत असते, आणि नाकारलेल्या बहुतेक स्टिक तेथूनच आलेल्या असतात.

दोन वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक एकत्र लावल्यास दोन्ही बहुधा कमी वेगाने चालतात; ते चिंतेचे कारण नाही. मात्र स्टिकवरील छोट्या चिपमध्ये तिच्या क्षमतेची व वेगाची जी माहिती असते, ती बायोसला नीट वाचता आली नाही तर गडबड होते. अशा वेळी बायोसमध्ये 'लोड डिफॉल्ट्स' निवडावे किंवा मदरबोर्डवरील जम्परने जुनी नोंद पुसावी. संगणकाचे घड्याळ दरवेळी जुनी तारीख दाखवत असेल, तर सीआर-२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली आहे. ती आधी बदलावी.

बायोसमध्ये पूर्ण, विंडोजमध्ये कमी

चार जीबी लावली आणि विंडोज सव्वातीन जीबीच दाखवते, ही तक्रार विंडोज एक्सपीच्या काळापासूनची. ३२ बिटच्या प्रणालीला ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे चार जीबीएवढेच पत्ते मोजता येतात. त्यांतील वरचे काही पत्ते ग्राफिक्स कार्ड आणि इतर उपकरणांसाठी राखीव असतात. तेवढी रॅम जागेवर असूनही पत्त्याविना राहते. येथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. ६४ बिटची प्रणाली हा उपाय सांगितला जातो, पण तो सर्वत्र लागू पडत नाही. ९४५ आणि त्यापूर्वीच्या चिपसेटला चार जीबीच्या वर पत्ते नेताच येत नाहीत, त्यामुळे ६४ बिटची प्रणाली टाकूनही आकडा तोच राहतो. ज्या बोर्डांत ही सोय आहे, त्यांच्या बायोसमध्ये 'मेमरी रिमॅप' हा पर्याय सुरू आहे का ते पाहावे.

५१२ एमबीपैकी ४४८ दिसत असतील, तर उरलेली ६४ एमबी मदरबोर्डवरील ग्राफिक्सने घेतली आहे. विंडोज ७ स्टार्टर दोन जीबीच्या पुढे जात नाही. याशिवाय 'एमएसकॉन्फिग'च्या बूट विभागातील प्रगत पर्यायांत 'मॅक्सिमम मेमरी' अशी चौकट असते. संगणक वेगवान करण्याच्या नादात कोणी तेथे खूण केलेली असल्यास ती काढून संगणक पुन्हा सुरू करावा.

अंतिम चाचणी

सर्व रॅम दिसत असूनही संगणक मध्येच निळा पडदा दाखवत असेल, तर मेमटेस्ट-८६ प्लस हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्ह किंवा सीडीवरून चालवावा. विंडोज व्हिस्टापासून पुढे विंडोजमध्येही मेमरी तपासणीची सोय आहे. चाचणी रात्रभर चालू द्यावी. एकही लाल ओळ आली तर ती त्रुटी किरकोळ समजू नये. त्रुटी आली म्हणून स्टिकच दोषी, असेही मानू नये. २००० च्या दशकातील पुष्कळ मदरबोर्डवर हलक्या प्रतीचे कपॅसिटर वापरले गेले. प्रोसेसर आणि रॅमजवळच्या नळकांड्यांचा सपाट माथा फुगलेला किंवा त्यातून तपकिरी द्रव ओघळलेला दिसला, तर रॅमला मिळणारी वीजच स्थिर नाही. वीज केंद्र जवळ असल्याने घरची वीज अधिक स्थिर असेल, हा समजही खरा नाही. केंद्रातील वीज उच्च दाबाने ग्रीडमध्ये जाते आणि घरात येते ती इतर गावांप्रमाणेच उपकेंद्र व रोहित्रामार्गे. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर चालणारा संगणक एकलहरेत असो वा नाशिकरोडला, त्याची अवस्था सारखीच.

कपॅसिटर फुगले असतील, तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घ्यावा. केवळ रॅमसाठी पैसे घालण्यात अर्थ नाही. बोर्ड ठीक असेल, तर हिशेब वेगळा. विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, पण हलक्या लिनक्सवर दोन-चार जीबीचा संगणक मराठी टंकलेखन, हिशेब आणि मुलांच्या सरावासाठी आजही उपयोगी पडतो. सेकंडहँड स्टिक घेताना संगणकाची पेटीच दुकानात न्यावी, तेथेच स्टिक लावून बायोसमधील आकडा पाहावा आणि बदलून देण्याची मुदत पावतीवर लिहून घ्यावी.

संगणक टाकूनच द्यायचा असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जायला हवा. त्याआधी हार्ड डिस्क काढून घ्यावी आणि चालू स्थितीतील स्टिक वेगळ्या ठेवाव्यात. त्या पाकिटात गुंडाळून ठेवताना साधी प्लास्टिकची पिशवी वापरू नये. मदरबोर्डसोबत येणारी करड्या रंगाची, चमकदार स्थितिकरोधक पिशवी त्यासाठीच असते.